आमच्या शाळेत तसली मुलं नव्हती

हे वाक्य मी आजवर किती तोंडांतून ऐकलं असेल त्याची मोजदाद नाही. निवृत्त शिक्षकांच्या स्नेहमेळाव्यात ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, बँकेत हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभी असतानाही ऐकलं. वर्तमानपत्रात समलिंगी विवाहाची किंवा एखाद्या मोर्चाची बातमी आली की आमच्या पिढीची माणसं चष्मा पुसतात आणि म्हणतात, "हे सगळं आत्ताचं खूळ. आमच्या शाळेत तसली मुलं नव्हती हो."

मी एवढंच विचारते, "बरं, मग तुमच्या वर्गात 'बायल्या' कोणाला म्हणायचे?"

आणि गंमत बघा, लगेच आठवतं! शाळेतल्या सगळ्या कविता विसरलेल्या माणसालाही ते नाव आडनावासकट आठवतं. तो कुठल्या बाकावर बसायचा, कसा चालायचा, गॅदरिंगमध्ये त्याला कोणतं काम दिलं होतं, त्याची नक्कल कोण झकास करायचं, सगळं आठवतं. पुढे त्याचं काय झालं ते मात्र कोणालाच ठाऊक नसतं. म्हणजे मुलं नव्हती, पण शिवी होती, आणि ती कोणाला द्यायची हे शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

तर हे वाक्य खोटं आहे. आणि वयामुळे माफ करून टाकावं असं निरुपद्रवी खोटंही ते नाही. त्या खोट्याच्या आधारावर आजही शाळा चालतात, म्हणून हा लेखनप्रपंच. मी पस्तीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, साधी बी.ए. आहे, तीही मराठी माध्यमातली. पण वर्गात उभं राहून जे दिसतं ते दिसायला पदवी लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर गल्लत होते. बायकी चालणारा प्रत्येक मुलगा समलिंगी असतो असं नाही, आणि समलिंगी मुलांपैकी पुष्कळजण चालण्याबोलण्यात अगदी चारचौघांसारखे असतात. शाळेला कोणाच्या मनातलं काही कळत नसतं. शाळा फक्त चाल बघते, आवाज बघते, केसांना लावलेली पिन बघते आणि शिक्षा करते. शिक्षा एकाला होते आणि बाकावर गप्प बसलेली दुसरी तीन-चार मुलं ती बघत असतात. त्यांना कोणी बोट लावलेलं नसतं, पण धडा त्यांनीच जास्त नीट गिरवलेला असतो. आपलं काय लपवायचं, किती लपवायचं, कोणासमोर हसायचं. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी सोपं होतं. दोन मुली हातात हात घालून फिरल्या तर कोणाला काही वाटत नसे, आणि वाटलंच तर गाजावाजा न करता एकीचं लग्न ठरत असे. दहावीचं वर्ष पुरं व्हायच्या आत.

मराठीच्या तासाला शब्दांची लिंगं शिकवताना दरवर्षी एक क्षण यायचा. पुल्लिंग झालं, स्त्रीलिंग झालं, आणि फळ्यावर 'नपुंसकलिंग' लिहिलं की मागच्या बाकांवरून खसखस पिकायची. नुसती खसखस नाही. आठ-दहा माना एकदम एकाच दिशेला वळायच्या. वर्ग बदलायचा, वर्षं बदलायची, पण वळलेल्या मानांच्या टोकाला कोणीतरी एक असायचाच, वहीत डोकं घालून बसलेला. मी त्या तासाला उदाहरण म्हणून पहिला शब्द 'मूल' हाच घ्यायचे. ते मूल. तुम्ही सगळे जन्मलात तेव्हा नपुंसकलिंगीच होतात, तुमच्या आयांनी 'मूल झालं' असंच सांगितलं, आता हसा. हसू थांबायचं. तासापुरतं. मधल्या सुट्टीत काय व्हायचं ते माझ्या हातात नव्हतं.

आणि 'बायल्या' या शब्दाचंच बघा. ज्या शाळेत मुलं मला दिवसभर 'बाई' म्हणून हाक मारायची, नमस्कार करायची, त्याच शाळेत 'बाईसारखा' ही सर्वांत मोठी शिवी होती. यातली विसंगती मी एकदा स्टाफरूममध्ये बोलून दाखवली तर एक सहकारी म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." दंगा करणाऱ्या मुलाला मुलींच्या रांगेत नेऊन बसवायची शिक्षा तेच देत. या शिक्षेतून मुलगा काय शिकतो? मुलीच्या शेजारी बसणं ही नामुष्की आहे हे. मुलगी काय शिकते? आपण म्हणजे कोणाची तरी शिक्षा आहोत हे. आणि ज्या मुलाला मुलींत बसायला मनापासून आवडत असतं, त्याला कळतं की आपल्याला जे सुख वाटतं तो गुन्हा आहे. एका दगडात तीन पक्षी, आणि शिक्षकाला वाटतं आपण छडी न मारता शिस्त लावली!

हे माझ्या डोळ्यांपुरतं नाही. तामिळनाडूत अशा तरुण-तरुणींशी बोलून केलेली एक पाहणी युनेस्कोने २०१९ साली प्रसिद्ध केली. सुमारे चारशे जणांना त्यांनी शाळेबद्दल विचारलं होतं. वरच्या वर्गांत असताना शंभरातल्या साठांनी मार खाल्ला होता. सुमारे एक तृतीयांशांनी या छळापायी शाळाच सोडली होती. आणि शाळेत कोणाकडे तक्रार केली होती शंभरातल्या अठरांनी. फक्त अठरा. बाकीच्यांना सांगण्यात अर्थ वाटला नव्हता, आणि पस्तीस वर्षं स्टाफरूममध्ये बसल्यावर मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, तुम्हाला आठवत असेल: 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथे आम्ही काय लिहितो? 'पालकांच्या विनंतीवरून'. मुलगा मुतारीत कोंडला जात होता म्हणून, त्याच्या दप्तरात टिकल्या आणि बांगड्या भरून ठेवल्या जात होत्या म्हणून, पीटीच्या तासाला सर स्वतःच त्याची चाल करून दाखवत होते म्हणून, यांतलं काहीही नाही. पालकांच्या विनंतीवरून. आणि शेजारच्या रकान्यात, वर्तणूक: चांगली. वर्तणूक त्या मुलाची, बरं का. शाळेच्या वर्तणुकीला दाखल्यावर रकाना नाही.

कोणी म्हणेल, बाई, तो काळच तसा होता, कोणाला काही माहिती नव्हती. हेही मला मान्य नाही. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ साली मुंबईत सुरू झालं. वाचकांच्या शंकांना उत्तरं देताना त्यांनी समलिंगी संबंधांबद्दल मराठीत, सरळ शब्दांत लिहिलं. त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. म्हणजे माझ्या जन्माच्या आधी हे मराठीत बोलून, लिहून, कोर्टात लढून झालेलं होतं. पुढे १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं. जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून काढलं ते १९९० साली. माहिती होती. ती शाळेच्या फाटकाच्या आत येऊ द्यायची नव्हती, इतकंच.

आणि आजही देत नाहीत. २००७ साली महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली, का, तर आपली संस्कृती. २०२१ च्या अखेरीस एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार करून संकेतस्थळावर ठेवली. तक्रार झाली, बालहक्क आयोगाचं पत्र गेलं आणि काही दिवसांत ती पुस्तिका संकेतस्थळावरून नाहीशी झाली. त्यात काय भयंकर होतं? स्वच्छतागृहं, गणवेश, सर्वांना एकत्र घेऊन चालणारा वर्ग, असलंच. ज्या शिक्षकाला खरंच काही करायचं होतं त्याच्या हातातला एकुलता एक कागद काढून घेतला. मग आपण म्हणणार, शिक्षकांना काही कळत नाही.

असो. आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे वळते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी दोन-तीन वर्षांपूर्वी भेटायला आली. नाव, गाव काही सांगत नाही, आणि ओळख पटेल अशा खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. आता चाळिशीच्या अलीकडची, चांगल्या नोकरीत. गेली काही वर्षं ती एका मैत्रिणीबरोबर राहत होती, आणि 'मैत्रीण' म्हणजे काय ते तिने मला पहिल्या दहा मिनिटांत, माझ्याकडे न बघता सांगितलं. मग बाही वर केली. दंडावर चार बोटांचे वळ होते. पगार झाला की तो त्या दुसरीच्या खात्यात जात होता. फोन रोज तपासला जात होता. ऑफिसातून यायला वीस मिनिटं उशीर झाला तर दार उघडत नव्हतं. मी विचारलं, "अगं, मग सोडून का देत नाहीस?" ती म्हणाली, "बाई, ती म्हणते, गेलीस तर तुझ्या आईला फोटो पाठवीन."

एवढं एक वाक्य. त्या वाक्यात सगळं आलं. नवऱ्याने मारलेली बाई निदान माहेरी जाऊन दंड दाखवू शकते. माहेरचे दहा वेळा परत पाठवतील, पण कोणी मारलं हे सांगायची तरी सोय आहे. हिने वळ दाखवायचे तर आधी स्वतःला दाखवायला हवं. तरी ती एकदा हिंमत करून एका मदत कक्षात गेली होती. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मैत्रिणी-मैत्रिणींचं भांडण आहे, दुसरी खोली बघ."

दुसरी खोली बघ! नवरा-बायकोच्या बाबतीत 'तो तुमचा खाजगी मामला' म्हणून हाकलायचं आणि इथे 'हा मामलाच नाही' म्हणून हाकलायचं. दारं दोन, रस्ता एकच.

मी कायद्याचं पुस्तक काढून बसले. वय झालं तरी कलमं वाचता येतात. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा आपला कायदा २००५ चा, अंमलात आला २००६ च्या ऑक्टोबरात. चांगला कायदा आहे. नुसता दंड-तुरुंग नाही, तर राहत्या घरातून हाकलू नये, जवळ येऊ नये, खर्चाला पैसे द्यावेत, असे आदेश त्यात मिळतात. सुरुवातीला तक्रार फक्त 'प्रौढ पुरुषा'विरुद्ध करता यायची. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते दोन शब्द काढून टाकले. मला वाटलं, झालं, मार्ग मोकळा झाला. पण कायद्याला 'कौटुंबिक नातं' लागतं: रक्ताचं, लग्नाचं, दत्तकाचं, एकत्र कुटुंबाचं किंवा 'विवाहसदृश'. आणि २०१३ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने लिहून ठेवलं आहे की दोन समलिंगी जोडीदारांचं नातं या कायद्याखाली विवाहसदृश म्हणता येत नाही. लग्न करावं म्हटलं तर २०२३ च्या १७ ऑक्टोबरला तेही दार बंद झालं. म्हणजे मारणारी बाई असली तरी आता चालतं. फक्त मार खाणारीचं तिच्याशी काही नातं असता कामा नये!

पुरुषाची गोष्ट याहून वाईट. हा कायदा त्याच्यासाठी नाहीच. २०१८ पर्यंत तर पोलीस ठाण्यात जाऊन 'माझा जोडीदार मला मारतो' म्हणणं म्हणजे ३७७ कलमाखाली स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देणं होतं, आणि त्या कलमाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. मधली २००९ ते २०१३ ही जेमतेम साडेचार वर्षं सोडली तर १८६२ पासून हीच स्थिती. २०१८ च्या सप्टेंबरात न्यायालयाने संमतीने ठेवलेले संबंध गुन्ह्यातून वगळले आणि बळजबरीपुरतं कलम शिल्लक ठेवलं. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात ते शिल्लक राहिलेलंही गेलं. बलात्काराचं कलम पुरुषाने स्त्रीवर केलेल्यापुरतंच आहे. म्हणजे प्रौढ पुरुषावर जोडीदाराने बळजबरी केली तर मारहाणीची, डांबून ठेवल्याची साधी कलमं शोधत बसायचं. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ साली वेगळा कायदा झाला. त्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवर बलात्कार केला तर किमान दहा वर्षं. इतिहासाच्या तासाला मनुस्मृतीतल्या शिक्षा शिकवताना आम्ही सांगायचो, गुन्हा तोच, पण कोणावर केला त्यावर शिक्षा ठरायची. मुलं चकित व्हायची. त्यांना आता हे वाचायला द्यायला हवं.

दक्षिण आफ्रिकेने आपल्या आधी, १९९८ सालीच कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा केला. त्यातही 'विवाहसदृश नातं' हाच शब्दप्रयोग आहे, पण तिथे कंसात एवढं जोडलेलं आहे की दोघं एकाच लिंगाची असोत वा भिन्न. एक कंस! मराठीच्या शिक्षकाला कंसाचं महत्त्व सांगावं लागत नाही, पण इतक्या माणसांचं घर एका कंसात मावतं हे मलाही नवीन होतं.

आता हे वाचून दोन प्रकारची माणसं माझ्यावर रागावणार आहेत, तेव्हा दोघांशी बोलून घेते.

पहिले म्हणतील, "बघा! आम्ही सांगतच होतो. अशी नातीच विकृत, म्हणून मारामाऱ्या." यांना मी आकडे देते. अमेरिकेत सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली मोठं सर्वेक्षण केलं आणि २०१३ मध्ये त्याचा या विषयावरचा अहवाल काढला. जोडीदाराकडून आयुष्यात कधीतरी बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्यांचं प्रमाण समलिंगी पुरुषांत शंभरात २६ होतं, आणि बायकांशी संसार करणाऱ्या पुरुषांत २९. स्त्रियांत, समलिंगी म्हणवणाऱ्यांत सुमारे ४४, पुरुषांकडे ओढा असणाऱ्यांत ३५, आणि दोन्हींकडे ओढा असणाऱ्यांत ६१. हा ६१ चा आकडा बघून पहिल्या गटातले खूष होतील. पण अहवाल पुढे वाचा. त्या ६१ पैकी दहातल्या नऊ जणींना सोसावं लागलं ते फक्त पुरुषांकडून. समलिंगी स्त्रियांतही दोन तृतीयांशांनी फक्त स्त्रीचं नाव घेतलं. उरलेल्यांच्या गोष्टीत पुरुष आहेच. तेव्हा लग्नसंस्थेच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे आकडे दुसऱ्याच्या अंगणात फेकू नयेत. ३५ हा आकडा त्यांच्या अंगणातला आहे.

दुसरे लोक माझ्या जवळचे आहेत, म्हणून त्यांच्यावर माझा राग जास्त. हे चळवळीच्या बाजूचे, भले लोक. ते म्हणतात, बाई, आत्ता कुठे समाज थोडा ऐकायला लागला आहे, आत्ता घरातली धुणी बाहेर धुवू नका, विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल. हे वाक्य मला तोंडपाठ आहे. प्रत्येक मार खाणाऱ्या सुनेला घराण्याच्या अब्रूच्या नावाखाली हेच सांगितलं जातं. शिक्षकाने मुलाच्या अंगाला हात लावला तर संस्थाचालकही हेच सांगतात, शाळेचं नाव जाईल. नाव कोणाचं जातं आणि जीव कोणाचा, याचा हिशोब कोणी करत नाही. अमेरिकेत क्लेअर रेन्झेट्टी या बाईंनी १९९२ साली स्त्री-स्त्री नात्यातल्या मारहाणीवर अख्खं पुस्तक लिहिलं. चळवळीचं त्याने काही बिघडलं नाही. उलट २०१३ मध्ये तिथल्या केंद्रीय कायद्यात अशा पीडितांना मदत नाकारता येणार नाही अशी तरतूद आली. बोललं म्हणून आली.

'मित्राची गोष्ट'बद्दल माझ्या ओळखीत जेवढ्या चर्चा झाल्या त्या सगळ्या मित्रा 'तशी' असण्याबद्दल. नामा तिला हवं तेव्हा जवळ करते आणि हवं तेव्हा झिडकारते, त्यात जी क्रूरता आहे तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. जणू मित्राने मुळात असं प्रेम केलं, मग पुढचं सगळं त्याच पॅकेजात आलं.

शाळेचा आणि या मारहाणीचा संबंध काय, असं विचाराल. शाळेत छळ झालेलं मूल मोठेपणी हात उगारतं, असलं ठोकळेबाज विधान मी करणार नाही. बहुसंख्य उगारत नाहीत. माझं म्हणणं मार खाणाऱ्याबद्दल आहे. शाळेने त्याला दहा वर्षं काय शिकवलं? तुला मार बसतो तो तुझ्या चालण्यामुळे, मारणाऱ्याच्या हातामुळे नाही. सरांना सांगायला गेलास तर सर आधी तुझ्याकडेच बघतील, मग हसतील, मग घरी चिठ्ठी जाईल, आणि घरी काय होतं ते तुला माहीत आहे. म्हणून गप्प बस. जे मूल हा धडा दहा वर्षं घोकून बाहेर पडलं, त्याला पंचविसाव्या वर्षी जोडीदार म्हणतो, "चूक तुझी आहे, आणि बाहेर बोललास तर घरी कळवीन." त्याला हे नवीन वाटतच नाही. मारणाऱ्याला वेगळं हत्यार घ्यावं लागत नाही. आम्ही शाळेत धार लावून ठेवलेलं असतं. माझ्या विद्यार्थिनीला फोटोची धमकी लागू पडली ती फोटोंमुळे नाही, आईच्या घरात आणि आमच्या शाळेत जी भीती तयार झाली तिच्यामुळे. ती भीती नसती तर ती म्हणाली असती, पाठव.

(तिचं काय झालं, असं विचाराल म्हणून सांगते. ती वेगळी झाली. नोकरीचं गाव बदललं. आईला तिने स्वतःच सांगितलं, कोणी फोटो पाठवायच्या आत. आई अजून नीट बोलत नाही, पण दिवाळीला फराळाचा डबा आला.)

आजच्या शिक्षकांना 'आम्हाला अधिकार नाही' असं म्हणायची सोय नाही. शिक्षणहक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी करतं. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. वसतिगृहात मोठ्या मुलांनी लहानाबरोबर केलेली 'गंमत' त्यात बसते, आणि कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे. महाविद्यालयांसाठी यूजीसीने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलाचा उल्लेख घातला. आणि पालकांना बोलावून "डॉक्टरला दाखवा, बरा होईल" असं सांगणाऱ्या शिक्षकांनी लक्षात ठेवावं, की असं 'बरं' करायला निघणं हे डॉक्टरचंच गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, जाहीर केलेलं आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांत २०२२ च्या शासननिर्णयाने 'सखी सावित्री' समित्या स्थापन करायला सांगितल्या आहेत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी. कागदावर बऱ्याच ठिकाणी असतील, इतिवृत्तं सुद्धा सुवाच्य अक्षरात असतील. त्यांच्या सभेत कधी हा विषय निघतो का, की मुलगा मुतारीत जायला का घाबरतो, आठवीतली मुलगी केस कापून आली तर वर्गात तिला कोणत्या नावाने हाक मारतात? मी आमच्या भागातल्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना पत्रं लिहिली, हाताने, पोस्टाने. एकाचं उत्तर नाही. दुसरीकडून आलं, की विषय पुढच्या सभेत ठेवू. तारीख कळवलेली नाही. ती विचारायला सोमवारी शाळा भरल्यावर जाणार आहे, मधल्या सुट्टीच्या जरा आधी.